नवसूचा उकार

एका उकारासाठी दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले, असं पुढे जव्हारात सांगितलं जायचं. धावून वगैरे कुणी गेलं नव्हतं. गौतमच्या हातात झारा होता एवढं खरं, पण तो भात वाढायलाच होता. सुदर्शन गुरुजींनी टेबलावर मूठ आपटली, तीही माशीसाठी. पण लोकांना काय, सांगायला काहीतरी लागतं.

उकाराचं मात्र खरं होतं.

मोखाड्याच्या रस्त्याला, जव्हार संपता संपता, म्हाताऱ्या नवसूचं भोजनालय. छपरावर काचेच्या नळीची लाल पाटी. मुंबईत खानावळीत ताटं घासून नवसू गावी परतला, तेव्हा जमवलेले सगळे पैसे त्याने त्या पाटीत घातले होते. नळीत नुसतं नाव होतं, नवसू. 'भोजनालय' खाली पत्र्यावर रंगाने लिहिलेलं, ते गंजून कधीच गेलं. अंधारात वळण घेणाऱ्या ड्रायव्हरला आधी नवसू दिसायचा आणि मग जव्हार. पुढे एके वर्षी मुंबईला गवत नेणारा एक ट्रक, वाजवीपेक्षा जास्त भरलेला, वळताना छपराला घासला. सगळ्यात खाली लोंबणारा, 'स'च्या पायाचा उकार तेवढा तो घेऊन गेला. वर राहिलं ते नवस.

पुढचं सगळं त्या ट्रकवाल्याचं पाप. एका एसटीचा ब्रेक घाटात गेला आणि गाडी नेमकी त्या लाल 'नवस'खाली येऊन थांबली. ड्रायव्हरने दुसऱ्या दिवशी नारळ फोडला. मग एका ग्रामसेवकाने नारळ बोलून बघितला, तर त्याची वसईला बदली झाली. झालं! जव्हार-मोखाड्यात नेमणूक म्हणजे सरकारी माणसाला शिक्षा, आणि शिक्षा झालेला माणूस कशालाही हात जोडतो. तलाठी आले, कंपाउंडर आले, मास्तर तर वऱ्हाड निघावं तसे आले. श्री नवस भक्त मंडळ निघालं. पंचायत समितीतला देवानंद क्लार्क त्याचा अध्यक्ष झाला. सगळ्यांच्या बदल्या झाल्या, देवानंदची तेवढी होत नव्हती. नवसू रोज गल्ल्यावर बसायचा, त्याला लोक आता नवसबाबा म्हणायचे आणि येता-जाता पाया पडायचे. तो पाय आखडून घ्यायचा.

आणि अशात दाभोशाचा धबधबा बघायला आलेले लखलखाट केबल्सचे साहेब परतताना जेवायला थांबले. पाटी बघून त्यांचा घास हातातच राहिला.

"ओरिजिनल निऑन! इथे?" ते म्हणाले. "आमच्या कंपनीची योजनाच आहे. जुन्या पाट्या वाचवायच्या. खर्च आमचा, मेहनत गावाची."

गाव लगेच तयार झालं. सूर्यमाळच्या लोकांनी परांचीला बांबू दिले, मंडळाने श्रमदान जाहीर केलं, मुंबईहून नळी वाकवणारा कारागीर ठरला. कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. मग साहेब बैठकीला आले आणि त्यांनी विचारलं, "पाटीचं मूळ स्वरूप काय होतं?"

"जसं हाय तसंच," गौतम बोलला. नवसूचा धाकटा मुलगा, भोजनालय तोच चालवायचा, आणि भातापेक्षा नारळ जास्त खपायचे. "साहेब, तुमी फक्त काच पुसा."

"खोटं बोलतोय," सुदर्शन म्हणाला. तो थोरला, पोशेऱ्याच्या शाळेत गुरुजी. चुकीचं लिहिलेलं त्याला जेवणातल्या खड्यासारखं लागायचं. "मूळ शब्द नवसू. विशेषनाम. सू दीर्घ."

"दादा, तुझा सू दीर्घ झाला तं माझा धंदा ऱ्हस्व होईल."

"बापाच्या नावाचा धंदा करतोस, लाज वाटू दे!"

इथे ती मूठ आपटली गेली. माशी उडाली. देवानंद उठून उभा राहिला.

"गुरुजी, भावना समजून घ्या. उकार लावला की देवाचं नाव बदललं. भक्तांनी काय करायचं?"

"कुठला देव?"

"हाच. वरचा."

"वर माझा बाप आहे!"

"तुमचे वडील तर खाली बसलेत, गुरुजी."

सगळ्यांनी गल्ल्याकडे बघितलं. नवसू खरंच खालीच बसला होता.

बांबू घेऊन आलेली सूर्यमाळची कमू दारात टेकली होती. ती मध्येच बोलली, "आमच्या पाड्यावर टँकर आला तो कोनामुळं? मी नवस बोलली म्हनून."

"तहसीलदारांनी पाठवला तो," सुदर्शन म्हणाला.

"मंग तहसीलदाराला कोनी धाडला?"

साहेबांना हे सगळं फारच आवडत होतं. त्यांनी छोटा टेप चालू करून टेबलावर ठेवला आणि आतल्या दारापाशी बसलेल्या नवसूच्या बायकोकडे, धोंडीबाईकडे वळले. "आजी, पाटी लागली तेव्हा तुम्ही होतात ना? तुम्हीच सांगा, काय लिहिलं होतं?"

"त्यांचं नाव," धोंडीबाई बोलली.

"हो, पण काय नाव?"

"ते बसलेत ना, त्यांचं."

"ते कळलं. पण शब्द काय होता?"

"सुदर्शनच्या बाबाचं नाव."

"आजी, टेप चालू आहे, स्पष्ट बोला."

"गौतमच्याबी बाबाचं," धोंडीबाईने स्पष्ट केलं.

पोरं हसली, देवानंद हसला. नवसू हसला नाही. धोंडीबाई नवऱ्याचं नाव घेत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं, हे तिला आईने शिकवलं होतं आणि तिने कधी तपासून बघितलं नाही. रेशनच्या कचेरीत नवऱ्याचं नाव विचारलं की ती शेजारणीला पुढे करायची. बरं, एवढ्यावर भागलं नाही. नवस हा शब्द नवऱ्याच्या नावाला फार जवळ, म्हणून तोही ती उच्चारायची नाही. ज्या घरात दिवसभर लोक नवस नवस करायचे, त्या घरात ती एकटी 'मागणं' म्हणायची.

"आता मी बोलतो," नवसू म्हणाला. गल्ल्यावरून तो सहसा बोलायचा नाही, त्यामुळे गौतमचा झारा थांबला. "साहेब, मुंबईत मला सगळे पोऱ्या बोलत. इथं आलो, लगीन केलं, तं ही मला 'अवं' बोलाया लागली. पोरं झाली, मी बाबा झालो. आता मी नवसबाबा. मंग नवसू कुठंय? तो तिथं वर होता. एवढा एकच होता. गवताच्या ट्रकनं नेला. मला काय नको, मला माझा उकार द्या. मी मरायच्या आधी द्या."

साहेबांनी रुमाल काढला. "मूळ स्वरूप म्हणजे मूळ स्वरूप," ते गहिवरून म्हणाले. "उकार लागणार."

सुदर्शनने भावाकडे असं बघितलं की गौतम भात न वाढताच आत निघून गेला.

आत चंदा डाळीला फोडणी देत होती. चंदा म्हणजे सुदर्शनची बायको. बारावी झालेली, अंगणवाडीची सेविका, सासूसारखी जुनी मुळीच नाही. पण सासऱ्याचं नाव तीही घेत नव्हती. का म्हणून विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. बाहेरचा निकाल ऐकून तिने फोडणी जाळली.

धोंडीबाई आत आली, तशी चंदा म्हणाली, "आई, रागावू नका. मी एक केलंय."

"काय केलंस?"

"ते... लोक करतात ते."

"लोक लय काय काय करतात."

"बाबांच्या नावातलं. खालचं काढून उरतं ते."

धोंडीबाईला समजायला वेळ लागला. मग ती पाटावर बसली. "मागणं केलंस? त्या पाटीला? आपल्याच छपराला?"

"यांची बदली ठाण्याच्या बाजूला होऊ दे, म्हणून. आपल्या हर्षदाची दहावी होईल यंदा, पुढं कॉलेज नको का? सगळ्या मास्तरांच्या होतात, आपल्यालाच तेवढं घरचं म्हणून का नाही पावत? आई, बदल्या मे महिन्यात निघतात. उकार त्याच्यानंतर लावा म्हणावं. एवढंच."

"आन् त्यांनी काय मागितलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं," चंदा म्हणाली, आणि तिला रडू आलं. "मला त्यांचंही वाईट वाटतं हो. पण उकार काय, कधीही लागेल. बदली नाही लागत."

धोंडीबाईने डाळीत पाणी घातलं. जळका वास काही गेला नाही.

त्या संध्याकाळी सुदर्शन गुरुजी बायकोशी बराच वेळ बोलले, म्हणजे चंदा बोलली. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ते खाकरून म्हणाले, "व्याकरणात अपवाद असतात. रूढी ही देखील भाषेची एक शक्ती आहे. नवस असं रूढ झालं असेल, तर घाईने उकार लावणं भाषेवर अन्याय ठरेल."

देवानंदने टाळ्या वाजवल्या. गौतम मात्र बसल्या जागी ताठ झाला. कारण साहेबांनी सकाळीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पाटी मूळ स्वरूपात झाली तर कंपनीच्या कॅलेंडरवर भोजनालयाचा फोटो येणार, आणि छपराला नवा पत्रा.

"वा रे गुरुजी!" गौतम ओरडला. "बापाच्या नावापेक्षा तुला बदली मोठी? बाबांचा उकार लागलाच पायजे!"

"काल तर तू नारळ मोजत होतास!"

"काल मी अज्ञानात होतो."

असे दोघं भाऊ एका रात्रीत एकमेकांच्या जागेवर जाऊन बसले, आणि तितक्याच जोरात भांडू लागले. नवसूला कोण आपल्या बाजूने आहे हे कळेना. तो आळीपाळीने ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे बघत होता.

शेवटी तोडगा साहेबांनी काढला. जुन्या नळ्यांना हात लावायचा नाही, त्या पुसून तशाच जुन्या ट्रान्सफॉर्मरवर ठेवायच्या. उकार नवा, त्याचा ट्रान्सफॉर्मर नवा आणि बटणही वेगळं. ज्याला नवस हवा त्याने नवस बघावा, ज्याला नवसू हवा त्याने नवसू. मग वेळापत्रकावर घासाघीस झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी उकार बंद, कारण ते नवसाचे वार. अमावास्येला बंद. आचारसंहिता लागली तर बंद, कारण मग बदल्या थांबतात आणि लोकांना धीर लागतो. मे महिना पूर्ण बंद.

"बाकीच्या दिवशी चालू," देवानंद उदारपणे म्हणाला.

"आन् बंद असेल त्या दिवशी मी कोण?" नवसूने विचारलं.

तेवढ्यात जेवण आलं आणि सगळे ताटांकडे वळले. फक्त धोंडीबाई हातातलं ताट न ठेवता उभी राहिली. पाटी लागली तो दिवस तिला आठवत होता. तेव्हा ती नवी नवरी होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी नवसूने तिला रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं होतं आणि एकेक अक्षर बोटाने दाखवत विचारलं होतं, हे काय, हे काय, आणि खालचं हे काय? तिने तोंडाला पदर लावला होता. त्याला वाटलं ती लाजली. ती त्याचं आयुष्य तुटेल म्हणून भ्याली होती. तेव्हापासून तो विचारायचा थांबला, आणि तिला ते बरंच वाटलं होतं. आता वाटेना. ताट तिने त्याच्यासमोर जरा जोरातच ठेवलं.

उद्घाटन दिवेलागणीला होतं. कंपनीने हद्दच केली. इमारतीपेक्षा मोठा फलक, त्यावर चारी बाजूंनी हॅलोजन, रस्त्याच्या कडेने दिव्यांच्या माळा. माइकवाला आपला जीपच्या बॅटरीवर, त्याला जव्हारची वीज माहीत होती. साहेबांना माहीत नव्हती. सूर्यमाळ, दाभोसा, पोशेरा, सगळीकडून जीप भरभरून आल्या. निम्मे उकार बघायला आले होते आणि निम्मे तो लागू नये म्हणून नारळ घेऊन.

नवसू इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला. धोंडीबाई बाजूला, लुगड्याचा पदर घट्ट धरून. वर लाल नवस पुसून लख्ख झालेला पेटला होता.

साहेबांनी भाषण केलं. देवानंदने त्याहून मोठं केलं, आणि "आमचे श्रद्धास्थान नवसबाबा" म्हणत झेंडूचा जाडजूड हार घेऊन खाली आला. त्याच क्षणी साहेबांनी बटण दाबलं.

लोकांनी एकच श्वास घेतला. नवसू. अख्खं नाव, उकारासकट, लालभडक, आकाशावर. कमूने आपसूक हात जोडले. सुदर्शनच्या डोळ्यांत पाणी आलं, चंदाच्याही आलं, बदली विसरून.

आणि नवसू? देवानंदने हार घाईत घातला, तो कानांना अडकून डोळ्यांवर आला होता. नवसू झेंडूतून मार्ग काढत होता. त्याने हार खाली ओढून वर बघेपर्यंत हॅलोजनांनी वीज ओढली, व्होल्टेज पडलं, जुन्या ट्रान्सफॉर्मरने एक ठसका दिला आणि नवस विझला. मागोमाग हॅलोजन गेले, माळा गेल्या. नव्या ट्रान्सफॉर्मरवरचा उकार तेवढा उरला. सगळ्या अंधारात, कशाच्याही पायाशी नसलेला एक लाल दीर्घ उकार.

मग मागून एका पोराने मोठ्याने वाचलं, "ऊ!"

"ऊ झाली रे!" दुसरं ओरडलं. बायका खुसखुसल्या. कुणीतरी डोकं खाजवून दाखवलं, आणि मग हसू जे पसरलं ते आवरेना. म्हाताऱ्याची ऊ झाली, बाबांची ऊ झाली. देवानंद माइकवर म्हणाला, "भक्तहो, शांत राहा, ऊदेखील ईश्वराचीच लेक आहे," आणि त्याने लोक अजूनच हसले.

"ती ऊ नव्हे!" सुदर्शन घसा फोडून सांगत होता. "मात्रा आहे ती! स्वतंत्र ऊ वेगळा लिहितात!"

"तुझ्या बदलीपायी वेगळा ट्रान्सफॉर्मर लावला ना, भोग आता," गौतम त्याला म्हणाला.

"आणि हॅलोजन कुणाच्या कॅलेंडरसाठी होते?"

"टेक्निकल आहे, टेक्निकल आहे," साहेब सगळी बटणं दाबत होते.

धोंडीबाईने शेजारी हात लावला. खुर्चीवर नुसता हार होता.

तिने अंधारात इकडे तिकडे बघितलं. तो कुठेच दिसेना. "अवं," तिने हाक मारली. "अवं, कुठं गेलात?" आजूबाजूचे तिघेचौघे नवरे वळून बघू लागले. कुणाच्याही बायकोची हाक असू शकत होती ती. पोरं अजून ऊ ऊ करतच होती. धोंडीबाईच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. उभ्या जन्मात कुणाच्या अंगावर न ओरडलेली बाई, लुगडं वर खोचून स्टेजवर चढली आणि देवानंदच्या हातातला माइक तिने हिसकून घेतला.

"हसता काय रे?" ती गरजली. जीपच्या बॅटरीवरचा माइक, तिचा आवाज स्टँडपर्यंत गेला. "ऊ कोनाला बोलता? ऊ नाय ती! नाव हाय त्यांचं! मानसाचं नाव हाय! नवसू! ऐकलं का? नवसू!"

पोरांचं ऊ ऊ थांबलं. चंदाने दोन्ही हात तोंडावर धरले. सुदर्शन आणि गौतम भांडायचं विसरून आईकडे बघत राहिले, त्यांनीही तिच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. धोंडीबाईला आपण काय बोललो ते आता कळलं. तिचा हात पदराकडे गेला. पण तिने पदर तोंडाला लावला नाही. तिने माइक आणखी जवळ घेतला, आणि या वेळी ती ओरडली नाही. घरातल्या माणसाला घरातून मारतात तशी तिने हाक मारली.

"नवसू! अवं नवसू, कुठं गेलात? इकडं या."

मागे हात धुवायच्या टाकीपाशी अंधारात कुणीतरी खाकरलं.

"ओ!" नवसूने उत्तर दिलं. "आलो गं, आलो."